अखाजीच्या ताटात कच्चे काय वाढावे?

अमळनेरहून एका भगिनींनी लिहिले आहे :

‘माझे वय ४१ आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका शिबिरात मी कच्चा व्हीगन आहार शिकले. त्यात दूध, दही, तूप, मध नसते आणि काहीही शिजवायचे नसते. मला त्यात मनापासून आनंद वाटतो, रोज नवे काही सुचते. पण घरात कोणी चवीने खात नाही. दिवाळीत मी मीठ लावून मुरवलेल्या कच्च्या वांग्याचे भरीत केले, तेव्हा सासऱ्यांनी दोन घास घेऊन ताट बाजूला सारले. एरवी ते खाण्यापिण्यात हट्टी नाहीत. गेल्याच वर्षी त्यांनी कवळी बसवली आहे. मुले “गुरांचा चारा” म्हणतात. मोड आलेली ज्वारी आणि मोड आलेला राजमा वाटून उन्हात वाळवलेले पापडही तसेच डब्यात पडून आहेत. काजूच्या चीजवर खर्च फार होतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलाबाळांसह येणार आहेत, वीस पाने होतील. त्या दिवशी सगळा स्वयंपाक कच्चाच करून सर्वांची मने जिंकावीत असे वाटते. सासूबाई म्हणतात, पाहुणे उपाशी उठतील. मी काय करावे?’

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र दोनदा वाचले. आपल्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण त्याआधी एक विनंती आहे आणि ती आजच्या आज पाळावी. डब्यात पडून असलेले ते पापड कोणालाही, विशेषतः मुलांना, देऊ नका. ते टाकून द्या. कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते आणि म्हणूनच पीक कोवळे असताना किंवा कापणीनंतर फुटवे आले असताना गुरे त्या शेतात सोडत नाहीत. त्या कोवळ्या कोंबांमध्ये सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. ज्वारीच्या कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसते, मात्र दाण्याला मोड आले की त्या मोडांत ते तयार होते, आणि उन्हात वाळवल्याने ते निघून जाईल असा भरवसा धरता येत नाही. राजम्याचे कारण वेगळे असले तरी परिणाम वाईटच आहे. कच्च्या राजम्यातील एका विषारी प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. ते प्रथिन घालवायला राजमा भिजवून, पाणी बदलून, किमान १० मिनिटे खळखळ उकळावा लागतो, आणि मोड आणल्यानेही तो पुरता निर्धोक होत नाही. घरच्यांनी ते पापड संपवले नाहीत याचे आपल्याला वाईट वाटले असेल. मला मात्र ते वाचून हायसे वाटले. शिबिरात हे सांगितले गेले नसेल तर तो दोष आपला नाही.

कुरकुरीत पापडाची आपली कल्पना मात्र चांगली आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. ज्वारीऐवजी जवस घ्या. जवस पाण्यात भिजवला की त्याला बुळबुळीत चिकटपणा येतो आणि तोच पिठासारखे बांधून ठेवण्याचे काम करतो. त्यात तीळ, बारीक वाटलेला कांदा, टोमॅटो, लाल मिरची आणि मीठ घालून कापडावर पातळ पसरले की वैशाखातल्या उन्हात दीड-दोन दिवसांत कडकडीत वाळते. कच्च्या आहाराचे कसोशीने पालन करणारे लोक ४२ ते ४८ अंश सेल्सिअसची मर्यादा मानतात. तेव्हा हे पत्र्यावर वाळत घालू नका, कारण आपल्याकडच्या वैशाखात पत्रा त्याच्या कितीतरी पुढे जातो. बाजेवर पांढरे धोतर अंथरून, वरून दुसरे पातळ कापड घालून वाळवावे. ताटात हे एकेकच वाढावे, कारण जवस हा चमचा-दोन चमचे खाण्याचा जिन्नस आहे.

आता सासऱ्यांविषयी. आपण कवळीचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला वाटते पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तोच आहे. नवी कवळी बसलेल्या माणसाला कच्चे गाजर, कोबी, मोड आलेली मटकी आणि मिठात मुरलेले चिवट वांगे चावणे किती त्रासाचे असते, हे तो माणूस वीस जणांच्या पंगतीत बोलून दाखवत नाही. तो ताट बाजूला सारतो. आपण त्याचा अर्थ ‘चव आवडली नाही’ असा घेतला. शिजवण्याचे निम्मे काम चवीचे असते आणि निम्मे काम दातांचे ओझे हलके करण्याचे असते. चूल वापरायची नसेल तर ते ओझे विळीने, किसणीने आणि पाट्या-वरवंट्याने उचलायला हवे. काकडीच्या चकत्या करू नका, ती विळीवर कोचवा. गाजर किसताना बारीक बाजूने किसा. कोबी केसासारखा चिरून, मीठ चोळून अर्धा तास ठेवा आणि घट्ट पिळा, म्हणजे तो मऊ पडतो. एवढ्या एका बदलाने आपल्या घरातला निम्मा विरोध मावळेल असा माझा अंदाज आहे.

अखाजीचा सगळा स्वयंपाक कच्चा करण्याचा बेत मात्र मला पटत नाही आणि तसे स्पष्ट सांगणे माझे काम आहे. अखाजीला आपल्याकडे घागर भरतात, पितरांना नैवेद्य दाखवतात आणि लेकी माहेरी येतात. आपल्या नणंदा वर्षभर दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या चवीने जेवतात. कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसताना आणि पानावर बसताना त्यांना आईच्या हातचीच पुरणपोळी हवी असते. ती त्या दिवशी नसेल तर आपण कितीही कल्पकतेने केलेला पदार्थ त्यांना चोरून नेलेल्या वस्तूच्या जागी ठेवलेल्या वस्तूसारखा दिसेल. सासूबाईंचे पुरण, रशी आणि सांजोऱ्या जशा आहेत तशा राहू द्या. आपण त्याच ताटात चार-पाच कच्चे पदार्थ असे वाढा की ते आधी संपतील. आपल्याला मने जिंकायची आहेत ना? मग कोणाचे काही काढून घेऊ नका.

ते चार-पाच पदार्थ कोणते, हे ठरवण्याची माझी एक साधी पद्धत आहे. पदार्थ करताना मी स्वतःला विचारते की, हा कच्चा असल्यामुळे त्याच्यात असे काही आले आहे का, जे शिजवल्यावर आलेच नसते? उत्तर ‘हो’ असेल तर तो पदार्थ कोणालाही आवडतो आणि ‘व्हीगन’ हा शब्दही उच्चारावा लागत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर तो एखाद्या शिजवलेल्या पदार्थाची नक्कल असतो. भरिताचे तेच झाले. जळगावचे भरताचे वांगे हिरवे, मोठे, कमी बियांचे असते आणि त्याची कीर्ती एवढी आहे की त्याला भौगोलिक मानांकन आहे. पण त्या वांग्याचे भरीत होते ते कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजल्यामुळे, त्या धुराच्या वासामुळे आणि नंतर लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचल्यामुळे. यातला जाळ काढला की उरते ते कडवट, स्पंजासारखे वांगे. खान्देशी माणसाच्या पुढे ते ‘भरीत’ या नावाने ठेवले तर तो दोन घासांपुढे जाणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला म्हणवत नाही. वांगे, बटाटा, अळू यांना चुलीसाठी सोडून द्यावे. अळू तर कच्चे खाल्ले की घशाला खाजते.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे फेसलेली मोहरी. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. तीच मोहरी कच्ची घेऊन, थोडे पाणी आणि मीठ घालून पाट्यावर फेसत राहिले की काही क्षणांत तिचा झणका उठतो आणि डोळ्यांत पाणी येते. दाणा फुटून ओला झाला की त्यातील एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या द्रव्यावर काम करते आणि तो तिखटपणा तिथल्या तिथे जन्माला येतो. उष्णता लागली की ते विकर निकामी होते, म्हणून फोडणीला हा झणका कधीच येत नाही. चूल जे देऊ शकत नाही ते असे असते. आपल्या आज्या लोणच्यात आणि पचडीत ही मोहरी घालत होत्या आणि त्याला कोणी ‘आहारपद्धती’ म्हणत नव्हते.

आता ही मोहरी जिथे घालावी असे मला वाटते तो पदार्थ सांगते : कैरीची डाळ. चैत्रातल्या हळदीकुंकवाला जी डाळ आपण वाटीत देतो ती मुळात कच्चीच असते, तिच्यातली फोडणी तेवढी शिजलेली. माझी आई ती धुळ्याच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटा मांडून करायची, आणि तिचा एकच आग्रह असायचा की डाळीत पाण्याचा थेंब पडता कामा नये. वीस पानांसाठी अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा आणि रोळीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या. मग ती मिरची, जिरे आणि मिठाबरोबर भरड वाटा. बोटांत घेतली तर रव्यापेक्षा जाड लागली पाहिजे. मिक्सरमध्ये वाटणार असाल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तिचे पीठ होते आणि मग ती घशात चिकटते. आंबट असेल तर दोन आणि बेताची असेल तर तीन मध्यम कैऱ्या किसून घाला, चिमूटभर हिंग, हळद, भरपूर कोथिंबीर घाला. येथे नेहमीची फोडणी येते. त्याऐवजी दोन चमचे फेसलेली मोहरी आणि पळीभर कच्चे शेंगदाण्याचे तेल घालून हाताने कालवा. हाताने कालवणे महत्त्वाचे आहे, कारण डाळीला तेल सगळीकडून लागले की तिचा कोरडेपणा जातो. सासऱ्यांसाठी वाटीभर डाळ वेगळी काढून आणखी बारीक वाटा आणि कैरीही वाटूनच घाला.

कच्च्या तेलाची भीती बाळगू नका. खिचडीवर कच्चे तेल घेणारा, ठेच्यात कच्चे तेल ओतणारा आपला मुलूख आहे. घाण्याच्या तेलाचा वास आला की खान्देशी माणूस आपल्या घरी असल्यासारखा जेवू लागतो. फक्त ते तेल लाकडी घाण्याचे असू द्या, कारण रिफाइंड तेलाला वास नसतो आणि ते बनवताना चांगलेच तापवलेले असते. कच्च्या शेंगदाण्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी : काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा निवडून टाकावा, कारण त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते.

दुसरा पदार्थ घोळाणा. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, मिरची, मीठ आणि तेल एवढ्यावर होणारा घोळाणा आपण सगळ्यांनी शेताच्या बांधावर भाकरीबरोबर खाल्लेला आहे. आपल्या मुलांना ‘चारा’ वाटतो तो हाच पाला आहे, पण आजोबांनी शेतात दिला असता तर त्यांनी हाताने ओरबाडून खाल्ला असता. अखाजीला हरभऱ्याचा पाला मिळणार नाही. कांद्याची पात आणि कोवळी मेथी मिळाली तर घ्या, बारीक चिरा, आणि वाढण्याच्या अगदी आधी मीठ लावा, कारण मीठ लागून दहा मिनिटे झाली की पाल्याला पाणी सुटते आणि तो मलूल पडतो. त्यात नेहमी आपण भाजलेल्या दाण्यांचा कूट घालतो. कडक नियमाने तो चालणार नाही, म्हणून कूट वेगळ्या वाटीत ठेवा आणि ज्याला हवा त्याला घेऊ द्या. ही तडजोड आपल्याला बोचेल, पण पाहुण्यांनी आपली शपथ पाळावी अशी अपेक्षा नसावी.

आमरसाबद्दल फार सांगण्याची गरज नाही. दूध न घालता, तूप वरून न सोडता वाढलेला रस हा संपूर्ण कच्चा व्हीगन पदार्थच आहे, आणि वीसच्या वीस माणसे तो मागून घेतील. खरबूजही तसेच.

मुलांसाठी मात्र थोडी मेहनत घ्यावी, आणि आपण तर केळीच्या जिल्ह्यात राहता. सालीवर काळे ठिपके पडलेली, पूर्ण पिकलेली केळी चकत्या करून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. दुपारी त्या दगडासारख्या चकत्या मिक्सरमध्ये घालून फिरवत राहा. आधी त्यांचा रवा होतो, मग गोळे होतात आणि इथे बहुतेक जण ‘बिघडले’ समजून थांबतात. थांबू नका, कडेचे खाली ढकलून पुन्हा फिरवा. एकाएकी ते सगळे मलईसारखे एकजीव होते. केळ्यात पेक्टिन भरपूर असल्यामुळे दूध-साय न घालताही बर्फाचे खडे जाणवत नाहीत. वेलदोडा आणि बिया काढून वाटलेला खजूर घाला. गूळ घालणार असाल तर तो कढईत उकळून झालेला असतो हे लक्षात असू द्या. हे आइस्क्रीम लगेच वितळते, म्हणून जेवणे उरकल्यावर, वाट्या हातात तयार ठेवून, मुलांच्या समोर फिरवा. मिक्सरभोवती उभी राहिलेली मुले त्याला चारा म्हणणार नाहीत.

काजूच्या चीजचा खर्च आपण थांबवावा असे मी सुचवेन, आणि त्याला पैशापलीकडचेही एक कारण आहे. काजूच्या टरफलात कातडी भाजणारे तेल असल्यामुळे बी फोडण्यापूर्वी ती वाफवतात किंवा भाजतात. बाजारात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजू त्यामुळे आपल्या व्याख्येत बसतच नाही. आपल्याकडे तीळ आहे, भुईमूग आहे. दाणे आठ तास भिजवून, साल काढून, लिंबू, लसूण आणि मीठ घालून गुळगुळीत वाटले तर काकडीच्या कोशिंबिरीत दह्याची जागा ते नीट भरून काढतात. साल काढण्याचा कंटाळा करू नका, कच्च्या दाण्याचा उग्र वास बराचसा तिथेच असतो.

मोडांविषयी थोडी सावधगिरी हवी. मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमधून पसरलेल्या जंतुसंसर्गात ५० हून अधिक माणसे दगावली, आणि ते मोड नीटनेटक्या, आधुनिक व्यवस्थेतून आलेले होते. वैशाखातल्या आपल्या हवेत फडक्यात बांधलेली मटकी अर्ध्या दिवसात आंबूस होते. स्वतःसाठी करताना ती स्वच्छ पाण्याने वरचेवर धुवावी, मोड आले की फ्रिजमध्ये ठेवावी, बुळबुळीत वाटली तर टाकावी. पंगतीत मात्र लहान मुले आणि म्हातारी माणसे असणार, कदाचित एखादी गरोदर पाहुणीही असेल. त्यांच्यासाठी मोड वाफवूनच द्या किंवा त्या दिवशी मोडांचा पदार्थ करूच नका. मी असते तर केला नसता.

शेवटी आपल्या स्वतःच्या आहाराविषयी लिहिते, कारण आपण दोन वर्षे हे करत आहात आणि पत्रात कुठेही तपासणीचा उल्लेख नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. त्याची कमतरता हळूहळू येते, हातापायांना मुंग्या येईपर्यंत लक्षात येत नाही, आणि उशीर झाला तर नसांचे नुकसान भरून येईलच असे नाही. डॉक्टरांना आपला आहार मोकळेपणाने सांगा, रक्त तपासून घ्या आणि ते सांगतील ती गोळी नियमाने घ्या. शिजवल्याने सगळेच सत्त्व नष्ट होते हाही समज सोडून द्यावा. ‘क’ जीवनसत्त्व घटते हे खरे, पण टोमॅटोतील लायकोपीन शिजवल्यावर शरीराला अधिक चांगले मिळते. १९२९ मध्ये गांधीजींनी आश्रमातील काही सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि प्रकृती बिघडल्यावर तो थांबवलाही. दोन्ही गोष्टी त्यांनी उघडपणे लिहून ठेवल्या. मुलांना संपूर्ण कच्च्या व्हीगन आहारावर ठेवण्याचा विचार मनात असेल तर तो करू नये. त्यांच्या वाढीला लागणारे उष्मांक आणि प्रथिने एवढ्याशा पोटात कच्च्या अन्नातून भागवणे फार कठीण असते.

आता त्या दिवशीचे. डाळ आदल्या रात्री भिजवू नका, उष्म्याने ती आंबेल. सकाळी सहाला भिजवा, अकराला निथळत ठेवा. मोहरी शेवटी फेसा, कारण तिचा झणका तासाभरात उतरू लागतो. आणि हे काम सासूबाईंना सांगा. त्यांच्या हाताला पाट्याची सवय असेल, आणि मोहरी किती फेसली म्हणजे पुरे हे त्यांना वासावरून कळेल. त्यांनी फेसलेली मोहरी घातलेली डाळ नणंदांच्या पानात पडेल, तेव्हा ती कोणी केली असे त्या विचारतील. दोघींनी मिळून केली असे सांगा.

आपली,
सदर लेखिका